सण, समुद्र आणि अनुपस्थिती

चेन्नईच्या वेलचेरी ह्या उपनगरात दिवाळी येते ती पहाटे. तमिळ घरांत दीपावलीचा मुख्य दिवस नरकचतुर्दशीचा. सूर्योदयापूर्वी तिळाचे तेल माखून ऊन पाण्याने स्नान करावयाचे, नवे वस्त्र ल्यावयाचे आणि मग भेटेल त्याला ‘गंगास्नानम् आच्चा?’, गंगास्नान झाले का, असे विचारावयाचे. नोकरीच्या निमित्ताने तेथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबाला हा प्रश्न परका वाटत नाही. अभ्यंगस्नान त्याच्याही अंगवळणी पडलेले असते. फरक इतकाच की शेजाऱ्याचा सण दुपारी ओसरू लागतो, तेव्हा मराठी घराचे लक्ष्मीपूजन, पाडवा आणि भाऊबीज अजून पुढे उभी असतात. २०२४ साली ही पहाट ३१ ऑक्टोबरला आली.

त्याच पहाटे भारतीय नौदलाची ‘तारिणी’ ही शीडनौका हिंदी महासागरात ऑस्ट्रेलियाच्या फ्रीमँटल बंदराच्या वाटेवर होती. २ ऑक्टोबरला ती गोव्याहून पृथ्वीप्रदक्षिणेस निघाली होती; फ्रीमँटलला ती ९ नोव्हेंबरला पोहोचली. नौकेची लांबी सुमारे १७ मीटर. तीवर माणसे दोनच: लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि लेफ्टनंट कमांडर रूपा ए. त्यांपैकी रूपा ह्या पुदुच्चेरीच्या, म्हणजे वेलचेरीसारखीच पहाटेची दीपावली ज्या किनाऱ्यावर होते, त्या किनाऱ्याच्या. त्या पहाटे त्या नौकेवर काय घडले, ह्याच्या तपशिलापेक्षा एक वेगळा प्रश्न विचारात घेण्याजोगा आहे. घरापासून हजारो किलोमीटर दूर, जिथे ‘गंगास्नान झाले का’ असे विचारणारे दारच नाही, तिथे पाळलेला सण हा सण असतो काय? आणि असेल, तर तो कोणासाठी असतो?

हा प्रश्न वरवर भावुक वाटतो. पण तो तसा नाही. सण म्हणजे नेमके काय, ह्याची परीक्षा घरात होत नाही. घरात काळ, स्थळ, वस्तू आणि माणसे अशी एकात एक गुंतलेली असतात की सणाचा प्राण कशात आहे हे वेगळे काढून दाखवता येत नाही. नौकेवर ती सारी आपोआप सुटी होतात.

प्रथम काळ. तिथी म्हणजे चंद्र आणि सूर्य ह्यांच्यातील बारा अंशांचे अंतर. ते पूर्ण होण्याचा क्षण साऱ्या पृथ्वीवर एकच असतो. आश्विनाची अमावास्या पुण्यात वेगळी आणि केप हॉर्नला वेगळी नसते. ह्या अर्थाने समुद्रावरचा माणूस सणाला मुकतच नाही. आकाश त्याच्याबरोबर आलेलेच असते. परंतु ती तिथी कोणत्या दिवसाची म्हणावयाची, हे ठरते स्थानिक सूर्योदयावर आणि सूर्यास्तावर, आणि चालत्या नौकेचा सूर्योदय रोज निराळ्या रेखांशावर होतो. परदेशी स्थायिक झालेल्या कुटुंबांना आपल्या गावचे वेगळे पंचांग पाहावे लागते ते ह्यामुळेच. नौकेला तर गावच नाही. पूर्वेकडे जात ती एकशे ऐंशी अंशांची रेषा ओलांडते, तेव्हा एकच तारीख तिच्या नोंदवहीत दोनदा येते. मॅगेलनच्या मोहिमेतून वाचलेले खलाशी १५२२ च्या जुलैत केप व्हर्दे बेटांवर उतरले, तेव्हा त्यांच्या हिशेबी बुधवार होता आणि किनाऱ्यावर गुरुवार. पश्चिमेकडून जग वळसून येताना त्यांचा एक दिवस हरवला होता. मग परतीच्या वाटेवर त्यांनी जे रविवार श्रद्धेने पाळले, ते स्वदेशीच्या पंचांगानुसार सोमवार ठरले! त्यांची भक्ती त्यामुळे उणी झाली असे कोणी म्हणणार नाही. पण त्यांना चुटपुट लागली असणार हेही उघड आहे, आणि ह्या चुटपुटीतच उत्तराचा पहिला धागा आहे. तारीख चुकल्याने देवाचे काही बिघडत नाही. बिघडते ते इतरांबरोबर असण्याचे. घरी घंटा वाजत असता आपणही हात जोडले होते, ह्या समजुतीचा आधार निघून जातो.

वस्तूंविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. शीडनौकेवर गोडे पाणी मोजून वापरावे लागते, पाऊस आला तर शिडावरून ओघळणारे पाणी धरून ठेवावे लागते. तिथे अभ्यंगस्नान ही चैन होय. हेलकावणाऱ्या नौकेत तेलाचा उघडा दिवा लावणे हा शहाणपणा नव्हे. तुळशीपुढे डाव्या अंगठ्याने चिरडावयाचे कारीट तिथे कोठून येणार? पण आपली परंपरा ह्या बाबतीत कृपण नाही. जे मिळत नाही त्याच्या जागी अक्षता वाहाव्यात, अक्षताही नसतील तर मनाने वाहावे, असे तिने सांगून ठेवले आहे. मानसपूजा हा तिचा मान्य प्रकार आहे. किंबहुना काही आचार्यांनी तिला बाह्यपूजेहून श्रेष्ठ मानले.

इथे मात्र एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. मानसपूजा आहे, मानस उत्सव नाही. एकट्या माणसाला एकादशी करता येते, सोमवार धरता येतो, जप करता येतो, कारण ही व्रते आहेत. व्रताला साक्षी लागत नाही. एक करणारा आणि एक संकल्प पुरतो. उत्सवाला दुसरे माणूस लागते. करंजी करणारा हात आणि खाणारे तोंड ही दोन निराळ्या माणसांची असावी लागतात. ओवाळणारी आणि ओवाळून घेणारा ह्यांच्यामध्ये तबकाएवढे तरी अंतर लागते. म्हणून नौकेवर एकट्याने पाळलेली दिवाळी ही उत्सवाची लहान प्रत नसते. तिची जातच बदललेली असते. उत्सव तेथे व्रत होतो, आणि व्रताला आनंदाची अट नसते. सणाच्या दिवशी एकाकी खलाशाने आनंदी असावे अशी अपेक्षा करणे, किंवा तो उदास झाला म्हणून त्याची कीव करणे, ह्या दोन्ही गोष्टी सारख्याच चुकीच्या आहेत. त्याच्या बाजूने उरते ते एवढेच: आज अमुक दिवस आहे हे विसरावयाचे नाही. नियमाचे पालन. सुखाची गोष्ट नव्हे.

नौकेवर दोघे असतील, सहा असतील, तर? २०१७ साली ह्याच ‘तारिणी’वर नौदलाच्या सहा महिला अधिकारी पृथ्वीप्रदक्षिणेस निघाल्या होत्या. १० सप्टेंबरला गोवा सोडून २०१८ च्या २१ मे रोजी त्या परतल्या. त्यांची दिवाळी फ्रीमँटलला पोहोचण्यापूर्वी समुद्रावरच झाली, आणि त्या दिवाळीत पंतप्रधानांनी त्यांच्याशी ध्वनिचित्राद्वारे संवाद साधून शुभेच्छा दिल्या. सहा जणी म्हणजे लहानसे घरच. तेथे उत्सव शक्य आहे ह्यात शंका नाही. पण हे घर सणासाठी जमलेले नाही, कामासाठी जमलेले आहे. पाहाऱ्याच्या पाळ्या सणाला थांबत नाहीत. चौघी हसत असता एकीची नजर शिडावर आणि दुसरीचा हात सुकाणूवर असावाच लागतो. शिवाय पडद्यावरून देशाने पाहिलेला सण हा काही अंशी देशाचा होतो. त्यात गैर काही नाही. १९०९ च्या ऑक्टोबरात लंडनमधील हिंदी तरुणांनी एका भोजनगृहात विजयादशमी साजरी केली. अध्यक्षस्थानी गांधी होते आणि सावरकर बोलले. घरापासून दूर साजरा होणारा सण असा सहज सार्वजनिक होतो, कारण घराची रिकामी जागा भरण्यास राष्ट्राएवढे मोठे काहीतरी लागते. मात्र त्या भरलेल्या जागेवरून घरच्या पाटाची रिकामी जागा मोजता येत नाही.

त्या रिकाम्या जागेकडे वळले पाहिजे. खरा नैतिक प्रश्न तेथे आहे.

मराठी लोकाचाराने अनुपस्थितीचा विचार केलेला आहे, आणि तो फार हळुवारपणे केलेला आहे. भाऊबीजेला भाऊ येऊ शकला नाही, तर बहीण चंद्राला ओवाळते. शुद्ध द्वितीयेची ती कोर सूर्यास्तानंतर पश्चिमेला थोडाच वेळ दिसते, आणि त्या थोड्या वेळात तबक घेऊन अंगणात उभे राहावे लागते. आपल्याकडे ती कोर होडीसारखी आडवी दिसते; दक्षिण गोलार्धात तिचा कल उलटा होतो. पण कोर तीच. कोळीवाड्यातली नारळीपौर्णिमा हेही असेच एक योजनेचे काम आहे: समुद्राला नारळ द्यावयाचा, नौका सजवावयाची आणि मग आपले माणूस त्या पाण्यावर सोडावयाचे. नौका तेथे सणाच्या बाहेर नाही, सणाच्या मध्यभागी आहे.

ह्या आचारांत एक विशेष आहे, त्याकडे फारसे लक्ष गेलेले नाही. ते सारे मागे राहणाऱ्यांसाठी आहेत. चंद्राला कोणी ओवाळावे हे ठरलेले आहे. दूर गेलेल्या भावाने त्या सायंकाळी काय करावे, हे कोणी सांगितलेले नाही. ह्याचे कारण उपेक्षा नसावी. रत्नागिरीचा खलाशी आगबोटीवर चढला तो पोटासाठी. पोटासाठी गेलेल्याला सणाचा हिशेब विचारावयाचा नाही, असा एक अलिखित संकेत होता. त्याची मनीऑर्डर हीच त्याची ओवाळणी. त्याची अनुपस्थिती हीच घराच्या सणाची किंमत होती, आणि ती किंमत दोन्हीकडून भरली जात होती. आजही व्यापारी जहाजांवर आणि संशोधननौकांवर हेच चालते. वेलचेरी–तांबरम रस्त्यावर पळ्ळिकरणै येथे १९९३ साली स्थापन झालेली राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्था आहे. तिच्या नौकांवरून जाणाऱ्या माणसांच्या घरीही दिवाळी कधी कधी एका माणसाने उणी होत असेल. त्याबद्दल कोणी नैतिक प्रश्न उभा करीत नाही, आणि करूही नये.

परंतु शीडनौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्याला पोटाचे कारण पुढे करता येत नाही. नौदलाचा अधिकारी झाला तरी ह्या कामासाठी तो स्वेच्छेने पुढे आलेला असतो. कमांडर दिलीप दोंदे ‘म्हादेई’ घेऊन मुंबईहून निघाले ते १९ ऑगस्ट २००९ रोजी. त्या वर्षी गणेशचतुर्थी २३ ऑगस्टला होती. एका मराठी माणसाने मुंबई सोडली ती गणपती चार दिवसांवर आले असता! ह्यात बेपर्वाई नव्हती. ही दक्षिण महासागराच्या ऋतूची सक्ती होती. केप हॉर्न ओलांडावयाचे ते तिकडच्या उन्हाळ्यात, म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारीत; तेथून उलट मोजत आले की प्रस्थानाचा महिना ठरतो. योगायोग असा की समुद्राचा हा अनुकूल काळ आपल्या सणांचाच काळ आहे. गणपतीपासून शिमग्यापर्यंतचा सारा पट्टा त्या प्रवासात बुडतो. दोंदे १९ मे २०१० रोजी परतले. गोव्यातील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर ह्यांच्या कारखान्यात बांधलेल्या त्या नौकेतून एकट्याने जगाची फेरी करणारे ते पहिले भारतीय ठरले. अभिलाष टॉमी हे पुढे त्याच नौकेतून कोठेही न थांबता फेरी करून आले. १ नोव्हेंबर २०१२ रोजी निघाले, ३१ मार्च २०१३ रोजी परतले, आणि दिवाळी, नाताळ, संक्रांत, होळी ही सारी त्या मधल्या अवधीत पाण्यावरच येऊन गेली. (दोंदे ह्यांनी आपला वृत्तान्त इंग्रजीत लिहिला. मराठी ललित वाङ्मयात समुद्र पुष्कळ आहे, पण तो बहुधा किनाऱ्यावरून पाहिलेला आहे. सावरकरांनी ब्रायटनच्या किनाऱ्यावर रचलेल्या सुप्रसिद्ध कवितेतही समुद्र हा मध्ये पडलेला, वचन मोडणारा तिसरा आहे, वसतिस्थान नव्हे.)

स्वेच्छेने गेलेल्याने घरच्यांचा सण उणा करावा काय? ह्याचे सरळ उत्तर नाही, आणि जे ते देतात ते बहुधा एका बाजूचे हिशेब झाकून देतात. ह्या प्रश्नाचे सर्वांत निर्भेळ उदाहरण १९६८ च्या नाताळचे आहे. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन ‘सुहैली’ ह्या नौकेतून एकट्याने, न थांबता जगप्रदक्षिणा करीत होते. ती नौका मुंबईत सागवानात बांधलेली, म्हणून मराठी वाचकाला ती अगदीच परकी नाही. नोव्हेंबरात न्यूझीलंडच्या किनाऱ्याजवळ ते दिसले. त्यानंतर एप्रिल १९६९ पर्यंत त्यांची कसलीही वार्ता जगाला मिळाली नाही, कारण त्यांचे संदेश पाठविण्याचे यंत्र बंद पडले होते. ऐकू मात्र येत होते. नाताळला त्यांनी मद्याचा पेला भरला, भजने गायिली, आणि ‘अपोलो ८’ मधील तिघे चंद्राभोवती फिरत असल्याचे वृत्त त्यांनी ऐकले. तेही तिघे घरापासून दूर सणाच्या दिवशी होते. पण त्यांचा शब्द न् शब्द पृथ्वीवर ऐकू येत होता.

ह्या प्रसंगातील विषमता पाहावी. नौकेवरच्या माणसाला ठाऊक होते की घरी नाताळ चालला आहे आणि आपण जिवंत आहोत. घरच्यांना ह्यांपैकी दुसरी गोष्ट ठाऊक नव्हती. त्यांनी त्या दिवशी मेज मांडले असेल तर ते जिवंत माणसाची जागा राखून मांडावे की मृताची, हेही त्यांना कळण्याचा मार्ग नव्हता. एकाकीपणाचे सारे काव्य आपण नौकेवर ठेवतो, आणि अनिश्चिततेचे सारे ओझे किनाऱ्यावर असते. म्हणूनच दूर गेलेल्याच्या व्रताला काही अर्थ असेल, तर तो इतकाच असू शकतो की ह्या ओझ्याची त्याला जाणीव आहे आणि त्या दिवशी तरी ती त्याने बाजूला सारलेली नाही. त्याच शर्यतीतले बर्नार मोआतेसिए ह्यांनी केप हॉर्न ओलांडल्यावर युरोपकडे वळण्याचे नाकारले आणि ते ताहितीकडे निघून गेले. त्यांच्या निर्णयाला संन्यासाची प्रतिष्ठा देणारे पुष्कळ आहेत. परंतु आपल्या परंपरेत संन्यासालाही एक विधी आहे, घरच्यांना सांगून-सवरून मोकळे होण्याचा. परस्पर न परतणे हा संन्यास नव्हे. नॉक्स-जॉन्स्टन परत आले, आणि त्यांच्या एकट्या नाताळचे ऋण त्या परतण्याने फिटले नसले तरी मान्य केले गेले.

आता उपग्रह-दूरध्वनीने ही विषमता पुष्कळ कमी केली आहे. ते इष्टच झाले. तरीही ज्यांनी ती जाणूनबुजून पुन्हा पत्करली अशी माणसे आहेत, आणि त्यांच्यापुढे हा प्रश्न नव्या रूपाने उभा राहिला. २०१८ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीचा नियम असा की साधने १९६८ च्या काळचीच वापरावयाची. टॉमी तिच्यात ‘सुहैली’च्या धर्तीवर गोव्यात बांधलेली ‘थुरिया’ घेऊन उतरले. त्या वर्षी ओणम २५ ऑगस्टला होता. पण ऑगस्टात केरळ महापुराने वेढला गेला आणि राज्य शासनाने ओणमचे अधिकृत सोहळे रद्द केले. समुद्रावरचा मल्याळी माणूस त्या दिवशी कोरडा होता आणि त्याच्या राज्यातील घरे पाण्यात होती. जो दूर गेला तो सणाला मुकतो, ही व्यवस्थाच त्या वर्षी उलटी झाली. पुढे २१ सप्टेंबरला दक्षिण हिंदी महासागरातील वादळात टॉमींच्या पाठीच्या कण्याला इजा झाली. हलताही न येण्याच्या स्थितीत ते नौकेत पडून राहिले आणि २४ तारखेला एका फ्रेंच नौकेने त्यांना उचलले. तेव्हा वाट पाहणे पुन्हा किनाऱ्याकडे आले.

पाण्याने घर आणि नौका ह्यांच्या जागा अशा बदलाव्यात, हे वेलचेरीला नवे नाही. २०१५ च्या दिवाळीच्या सुमारास तेथे पाऊस लागला तो डिसेंबरच्या आरंभी प्रलयासारखा कोसळला, आणि किनाऱ्यावरील मच्छीमारांच्या होड्या उपनगरातील रस्त्यांवरून माणसे काढीत हिंडल्या. २०२३ च्या डिसेंबरातही तेच दृश्य दिसले. दाराशी होडी लागलेल्या त्या कुटुंबांतली अनेक घरे, ज्यांची मुले परदेशी आहेत अशी असणार. त्या मुलांनी किनारा सोडलेला नव्हता, ना शीड उभारले होते, तरी त्या आठवड्यात बंद पडलेल्या दूरध्वनीच्या पलीकडे काय आहे हे त्यांना कळत नव्हते. १९६८ ची विषमता येथे नेमकी उलट बाजूने उभी राहिली. अनुपस्थितीचे नीतिशास्त्र लिहावयाचे तर ते केवळ साहसी खलाशापुरते लिहून भागणार नाही. पण साहसी खलाशी हा त्यातला सर्वांत प्रामाणिक साक्षीदार आहे, कारण त्याला ‘जावे लागले’ असे म्हणण्याची सोय नसते.

रायगड जिल्ह्यात पेण, पनवेल, उरण ह्या भागांत साखरचौथीचा गणपती आणतात. भाद्रपद शुद्ध चतुर्थीला सुतकामुळे किंवा अन्य अडचणीमुळे ज्यांच्या घरी गणपती आला नाही, त्यांनी तो वद्य चतुर्थीला आणावा, अशी ती मोकळीक आहे. मृत्यू ही अडचण तिथे धरलेली आहे, जन्मही धरलेला आहे. माणूस समुद्रावर आहे, ही अडचण धरावी की नाही, ह्याबद्दल वडीलधारी माणसे निरनिराळे बोलतील. कारण मृत्यू कोणी मागून घेत नाही. आणि ऑगस्टात गेलेला मे महिन्यात परततो, तेव्हा शुद्ध चतुर्थीही उलटलेली असते आणि वद्यही.